ट्रेकसाठी झोपायची मॅट घेताय? मऊ आहे का, याआधी उबदार आहे का ते पाहा!

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं करडी म्हणजे धानाच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात हिवाळ्यात शेतावर मुक्काम पडला, तर अंथरुणाखाली तणसाचा जाड थर टाकला की रात्र सुखाची जाते. ट्रेकिंगची मॅट नेमकं हेच काम करते. दुकानात मात्र आपण ती बोटाने दाबून फक्त मऊपणा बघतो.

थंडी खालून का लागते?

स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. आपण आडवे झालो की पाठीखालचा भाग दबतो, हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता थेट जमिनीत जाते. तणस असो वा फोम, दोन्ही ही हवा धरून ठेवतात. म्हणून महागडी बॅग असूनही मॅट चुकली, तर रात्रभर कुडकुडावं लागतं.

आर-व्हॅल्यू म्हणजे काय?

मॅट उष्णता किती अडवते, ते सांगणारा हा आकडा. जितका मोठा, तितकी ऊब जास्त. साधारण अंदाज असा:

• उन्हाळी रात्री: १ ते २
• विदर्भातला किंवा सह्याद्रीतला हिवाळा: २ ते ४
• केदारकंठासारखा बर्फातला ट्रेक: ५ किंवा अधिक

दोन मॅट एकावर एक टाकल्या, तर आकड्यांची बेरीज होते. आकडा एएसटीएम एफ ३३४० या मानकानुसार मोजलेला असेल, तरच दोन कंपन्यांची तुलना करा.

कोणती मॅट घ्यायची?

फोमची कॅरी मॅट: साधारण ४०० ग्रॅम, आर-व्हॅल्यू २ च्या आसपास. फाटली तरी चालते. पण पातळ असते आणि सॅकबाहेर बांधावी लागते.

हवेची मॅट: ७ ते १० सेंटिमीटर जाड, घडी केली की बाटलीएवढी. कुशीवर झोपणाऱ्यांना हीच बरी, कारण खांदा आणि कंबर जमिनीला टेकत नाही. पण बाभळीचा एक काटा पुरतो! पॅचचं किट सोबत हवंच. आत ऊब धरणारा थर नसेल, तर जाड असूनही ती गारच लागते.

स्वतः फुगणारी मॅट: आत फोम असतो, आरामदायी असते, पण बहुतेकदा जड. पाठीवर घेऊन चालायचं असेल तर विचार करा.

घेतल्यावर हे करा

घरी फरशीवर एक रात्र झोपून पाहा. हवेची मॅट दगडासारखी टणक फुगवू नका. थोडी हवा सोडली की अंग नीट टेकतं. मुक्कामाची जागा खडे आणि काटे वेचून साफ करा.

आणि करडीकडे फिरायला आलात, तर लक्षात ठेवा: कोका अभयारण्य नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे मनाने तंबू ठोकता येत नाही. मुक्काम वनविभागाची परवानगी असेल तिथेच.