रेंज नसलेल्या घरासाठी छतावरची अँटेना

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. (पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी ते निराळे.) अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील या पठारावर जमीन सपाट वाटते, पण पायी चालू लागल्यावर तिचे चढउतार कळतात. टेंभुर्णीसारख्या गावाच्या शिवारात एका उंचवट्यावर मोबाइल उत्तम चालतो आणि ओढ्याकाठच्या आखाड्यावर त्याच मोबाइलवर रेंजची एक काडीही दिसत नाही, याचे एक कारण हे चढउतार होत.

पूर्वी ही केवळ गैरसोय होती. आता तसे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून स्वतः करावयाची आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचा ओटीपी, निराधारांच्या अनुदानाची चौकशी, सारे मोबाइलवर आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना ज्यांच्या घरी रेंज होती त्यांनी पवित्र मिस्सा पडद्यावर तरी पाहिला. इतरांना तेही लाभले नाही. पडद्यावरील मिस्सा हा प्रत्यक्ष सहभागाची जागा घेत नाही आणि फोनवरून पापनिवेदन होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहेच. परंतु घरात कुणी अत्यवस्थ असता रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावणे धाडायचे, तर तो निरोप आज फोनवरूनच जातो. मराठवाड्यात आपली कुटुंबे दूरदूरच्या गावांत विखुरलेली आहेत. फोन न लागणे याचा अर्थ येथे कधीकधी फार गंभीर होतो.

अशा घरांसाठी बाहेरची अँटेना हा एक खरा उपाय आहे. मात्र तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत आणि त्यांपायी पैसे वाया जातात. पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी ती ही, की अँटेना संदेश निर्माण करीत नाही. आपल्या छतापर्यंत जो क्षीण संदेश पोचलेला आहे, तो ती नीट गोळा करते. छतावर काहीच पोचत नसेल तर महागडी अँटेनाही काही देणार नाही.

मोबाइलच्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात. मध्ये टेकाड आले, दाट झाडी आली, की त्या अडतात. उरलेले काम आपली घरे करतात. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात ती दगडमातीच्या जाड भिंतींमुळे. त्याच भिंती लहरींनाही अडवतात. अशा भिंतीपायी संदेशात दहा ते वीस डेसिबलची घट सहज होते. दहा डेसिबलची घट म्हणजे शक्तीचा दहावा हिस्सा उरतो, वीसची म्हणजे शंभरावा. पत्र्याचे घर तर याहून कठीण, कारण धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. नव्या घरांच्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते. (सळया बहुधा जालन्याच्याच!) म्हणून अँटेनेचा निम्म्याहून अधिक लाभ ती घराबाहेर आणि उंचावर असते यातच आहे.

कोणत्या लहरी वापरल्या जातात यावरही बरेच अवलंबून असते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब पोचतात व भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या शिरतात. १८००, २१०० आणि २३०० च्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण लवकर थकतात. ५-जीसाठी वापरली जाणारी ३५०० च्या आसपासची लहर शहराला सोयीची आहे, शिवाराला नव्हे. एकाच गावात एका कंपनीचे सिम चालते आणि दुसरीचे चालत नाही, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

तेव्हा खरेदीपूर्वी मोजमाप करावे. मोबाइलवरील काड्यांवर विसंबू नये. त्या किती दाखवायच्या हे प्रत्येक मोबाइल आपल्या मनाने ठरवतो. ॲन्ड्रॉइड मोबाइलमध्ये सेटिंगमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली ‘डीबीएम’ या मापात एक आकडा मिळतो. काही मोबाइलमध्ये तो दिसत नाही, त्यांच्यासाठी विनामूल्य ॲप आहेत. हा आकडा उणे असतो. ४-जीवर उणे ८५ असल्यास संदेश चांगला, उणे १०० च्या आसपास बेताचा, उणे ११० च्या खाली रडतखडत चालणारा आणि उणे १२० ला जवळजवळ तुटलेला समजावा. घरात, अंगणात, छतावर आणि जमल्यास पाण्याच्या टाकीच्या उंचीवर, चारही ठिकाणचे आकडे कागदावर लिहून काढावेत. घरात उणे ११८ आणि छतावर उणे १०० असेल, तर अँटेनेचा उपयोग होईल असे निश्चिंतपणे म्हणता येते. दोन्हीकडे उणे १२० असेल तर आधी दुसऱ्या कंपनीचे सिम आणून तेच मोजमाप करावे. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. तो उपाय अँटेनेपेक्षा स्वस्त पडतो.

आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. पहाटे पाचला इंटरनेट वेगाने चालते, रात्री आठला अडखळते आणि डीबीएमचा आकडा मात्र दोन्ही वेळा तोच राहतो, असे असेल तर दोष रेंजचा नाही. टॉवरवर गर्दी झाली आहे. अशा घरी अँटेना लावून विशेष काही साधत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत.

आता साहित्याकडे वळू. आजच्या मोबाइलला अँटेनेची तार जोडण्याची खाच नसते. म्हणून सिम घालता येईल असा ४-जी राउटर घ्यावा लागतो, आणि त्याला बाहेरच्या अँटेनेसाठी पेचाच्या दोन खाचा आहेत की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. अनेक स्वस्त राउटरच्या कांड्या बाहेरून दिसतात, पण त्या वाय-फायच्या असतात. सिमची अँटेना आत बंदिस्त असते. राउटर छतावरील अँटेनेकडून संदेश घेतो आणि घरात वाय-फाय म्हणून वाटतो. खाचा दोन असण्याचे कारण, ४-जी एकाच वेळी दोन प्रवाहांत माहिती पाठवते. शक्यतो दोन्ही खाचांना अँटेना जोडाव्यात आणि त्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा पंचेचाळीस अंशांत कललेल्या ठेवाव्यात.

बोलण्याच्या फोनचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी मोबाइलमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे. तसे केले म्हणजे घरातील साधा फोनही राउटरमार्गे लागतो व येतो. वेगळे ॲप लागत नाही. आपल्या कंपनीची ही सेवा आहे का आणि आपला मोबाइल तिला चालतो का, एवढे आधी विचारून घ्यावे.

अँटेनेच्या जातीत दोन प्रकार गावासाठी कामाचे आहेत. एक यागी, म्हणजे दूरदर्शनच्या काळात घरोघरी काठीवर दिसत असे तसा आडव्या नळ्यांचा सांगाडा. जपानमधील तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी या दोघांनी १९२६ च्या सुमारास ही रचना मांडली. ती बहुधा एका ठरावीक लहरीपुरतीच नीट चालते. दुसरा प्रकार लॉग-पिरिऑडिक. दिसायला तशीच, पण ७०० पासून २७०० मेगाहर्ट्‌झपर्यंत सर्व लहरी घेणारी. आपल्या टॉवरची लहर कोणती याची खात्री नसेल तर दुसरीच घ्यावी. वेष्टनावर ‘तीस डेसिबल’ वगैरे छापलेले असल्यास विश्वास ठेवू नये. हातभर लांबीच्या अँटेनेकडून नऊ-दहा मिळाले तरी पुष्कळ झाले.

सर्वांत अधिक चूक तारेत होते. उत्तम अँटेना आणून तिला बारीक, स्वस्त, लांब केबल जोडतात. १८०० मेगाहर्ट्‌झवर अशी पातळ केबल दर मीटरला अर्ध्या डेसिबलहून अधिक खाते. दहा मीटरमध्ये चारपैकी तीन हिस्से शक्ती वाटेतच जिरते आणि अँटेनेने कमावलेले केबल गमावते. बोटभर जाडीची चांगली केबल तेवढ्याच लांबीत सुमारे एक तृतीयांश खाते, पण ती महाग असते व वळत नाही. आमच्या मते सोपी वाट अशी : राउटरच वर न्यावा. जिन्याच्या खोलीत किंवा पाऊस व ऊन लागणार नाही अशा पेटीत तो अँटेनेपासून एक-दोन मीटरवर ठेवावा आणि खाली घरात संगणकाची साधी लॅन केबल आणावी. ती शंभर मीटरपर्यंत विनातक्रार चालते. काही कंपन्या हल्ली छतावर लावायचे इंटरनेट यंत्र देतात, त्यातही हेच तत्त्व आहे.

दिशा साधणे हे काम दोघांचे. पूर्वी एकजण छतावर अँटेना फिरवी आणि दुसरा खालून “आलं, आलं… गेलं!” असे ओरडून सांगे, ते दिवस अनेकांना आठवत असतील. आजही रीत तीच आहे. फक्त खालच्याने चित्राऐवजी राउटरच्या पानावरील आकडा वाचायचा. टॉवर कोठे आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर पाहता येते. अंदाजाने त्या दिशेला रोखून, मग पंधरा-पंधरा अंशांनी फिरवावे व दर वेळी मिनिटभर थांबावे, कारण आकडा लगेच बदलत नाही. डीबीएमसोबत ‘एसआयएनआर’ हा आकडाही पाहावा. तो गोंगाटातून संदेश किती स्वच्छ येतो हे सांगतो. वीसच्या वर उत्तम, शून्याखाली वाईट. कधीकधी जवळच्या टॉवरपेक्षा दूरचा, मोकळ्या दिशेचा टॉवर अधिक स्वच्छ सापडतो.

लहरी एका दिशेला रोखून धरण्याच्या या विद्येचा आपल्या ख्रिस्तसभेशी जुना संबंध आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्‌घाटन केले; ते केंद्र स्वतः मार्कोनी यांनी उभारले होते. पुढे १९३३ साली त्याच मार्कोनींनी व्हॅटिकन आणि पोपमहोदयांचे उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये, सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, सूक्ष्मलहरींचा फोन जोडून दिला. छतावरील अँटेना टॉवरकडे रोखणे हा त्याचाच घरगुती प्रकार होय. बारावे पायस यांनी १९५१ साली देवदूत गाब्रिएल यांना दूरसंचाराचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले, हेही येथे सहज आठवले.

विजेविषयी हयगय नको. मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. अँटेनेची लोखंडी काठी जाड तारेने स्वतंत्रपणे जमिनीत अर्थ करावी, केबलला लाइटनिंग अरेस्टर बसवावा, आणि ढग गडगडू लागताच राउटरचा प्लग काढावा. मात्र वादळ डोक्यावर आल्यानंतर केबलला हात लावण्यास छतावर जाऊ नये. विजेच्या तारांपासून काठीच्या उंचीहून अधिक अंतर ठेवावे. चर्चच्या शिखरावरील क्रुसाला अँटेना बांधण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तो टाळावा, गावातील उंच टोकांपैकी ते एक असते.

शेवटी बूस्टरविषयी. ‘रेंज वाढवणारे यंत्र’ म्हणून बाजारात जी पेटी मिळते ती अँटेना नव्हे. अँटेना केवळ ऐकते व आपल्या राउटरचे बोलणे पोचवते. बूस्टर मात्र त्या लहरी विजेच्या बळावर मोठ्या करून पुन्हा फेकतो. चर्चमध्ये माइक स्पीकरसमोर नेला की जी शीळ उठते, तशीच शीळ बूस्टरची आतली व बाहेरची अँटेना जवळ आल्यास उठते. आपल्याला ती ऐकू येत नाही, टॉवरला येते. मग एका घराच्या चार काड्यांसाठी टॉवरखालच्या साऱ्या वस्तीचे फोन तुटू लागतात. यात १०८ वर रुग्णवाहिका बोलावू पाहणारा शेजारीही आला. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही असा बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदा आहे, असे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ऑनलाइन दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. कुणी आपल्या धर्मग्रामाला असे यंत्र देणगी म्हणून देऊ केले, तरी ते नम्रपणे नाकारावे.

छतावरही आकडा उणे १२० च्या वर येत नसेल, तर प्रश्न घराचा नसून गावाचा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली होती. आपल्या वस्तीचे नाव तशा यादीत आहे का, याची विचारणा ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. कंपनीकडे तक्रार करताना तक्रार क्रमांक अवश्य मागून घ्यावा आणि उत्तर समाधानकारक नसल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. चार ठिकाणचे डीबीएमचे आकडे लिहिलेला तो कागद, तारीख व वेळ घालून, तक्रारीसोबत जोडावा.