काचपेटीतील हिरवळ



कामगार संघटनेच्या कामात उभी हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पाणवनस्पतींवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पुढे जे शिकलो ते वाचनालयांत, कामगारांच्या सभांत आणि पुष्कळसे स्वतःच्या चुकांतून. आज सांगणार आहोत तेही चुकांतूनच आलेले आहे.

उस्मानपुऱ्यातील आमच्या कचेरीत माशांची एक काचपेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ती आम्ही विकत घेतलेली नाही. शहराजवळील औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला, तेव्हा देण्याघेण्याच्या हिशेबासाठी यंत्रे, कपाटे, खुर्च्या, पंखे या सर्वांची यादी झाली. दर्शनी दालनातली ही पेटी मात्र कोणाच्याच यादीत आली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ती चार जिवंत माशांसह आमच्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारले, "भाऊ, यांचं आता कोण बघणार?"

मासे जगले. पाणवनस्पती मात्र मेल्या, आणि एकदा नव्हे, तीनदा मेल्या. हिरवीगार म्हणून आणलेली रोपे महिन्याभरात पिवळी पडत, पाने विरघळल्यासारखी होत आणि काचेवर शेवाळाचा थर चढे. प्रत्येक वेळी आम्ही काही ना काही वाढवून दिले, आणि प्रत्येक वेळी अवस्था अधिक बिघडली. असे का झाले, हाच आजचा विषय.

प्रथम प्रश्न असा की, पेटीत जिवंत वनस्पती हव्यातच कशाला? आपल्या शहरातील पाणचक्की आठवून पाहा. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून ते उंचावरून हौदात पडावे, अशी तिची रचना. वाहत्या पाण्यात घाण साचत नाही, आणि उंचावरून पडताना पाण्यात हवा मिसळते. अशा ठिकाणी माशांचे वनस्पतींवाचून भागते. काचपेटीतले पाणी कोंडलेले असते. मासा खातो, श्वास घेतो, मलोत्सर्ग करतो, आणि त्यातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात उतरतो. वाळूवर व गाळणीवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण ते साठत जाते. वनस्पती अमोनिया व नायट्रेट हे दोन्ही अन्न म्हणून घेतात, माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि उजेडात प्राणवायू देतात. म्हणजे ज्यांना आपण शोभा समजतो, त्या तेथे राबत असतात.

हा मेळ प्रयोगाने दाखविला तो लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने, १८५० च्या सुमारास. त्याने एका काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. काही काळ सर्व ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवट थर आला. तेव्हा त्याने पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. लक्षात घ्या, मासे आणि वनस्पती असूनही पेटी बिघडली होती, कारण सफाईचे काम करणारे कोणी नव्हते. ही व्हॅलिसनेरिया काही विलायती अपूर्वाई नव्हे. रिबिनीसारख्या लांब पानांची ही वनस्पती पैठणच्या नाथसागरातही वाढते.

आता आमच्या चुकांकडे वळू. पहिल्या खेपेस रोपे पिवळी पडली, तेव्हा उजेड कमी पडतो असे समजून आम्ही आणखी एक दिवा लावला. कचेरीत रात्री उशिरापर्यंत बैठका चालत. दिवाही तोवर जळत राही. रोपे गेली, शेवाळ आले. दुसऱ्या खेपेस खत कमी पडते असे समजून बाटलीतले खत ओतले. शेवाळ दुप्पट झाले. तिसऱ्या खेपेस आम्ही दोन्ही केले, आणि परिणाम काय झाला ते सांगावयास नको.

मग शेतीशास्त्राच्या एका पुस्तकात आम्हांस एक जुना नियम सापडला. कार्ल स्प्रेंगेल याने तो आधी मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याचा प्रसार केला. पीक किती वाढणार, हे मुबलक असलेल्या घटकावर ठरत नाही; जो सर्वांत कमी पडतो त्यावर ठरते. लाकडी फळ्यांचे पिंप डोळ्यांसमोर आणा. एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या कितीही उंच करा, पाणी त्या आखूड फळीवरूनच वाहून जाणार. आम्ही उंच फळ्या आणखी उंच करीत होतो, आणि सांडलेल्या पाण्यावर शेवाळ पोसले जात होते. कारखान्यात हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. कोंदट छपराखाली माणसांना हवा हवी असते, आणि त्यांना मिळतो चहाचा एक जादा कप. उणीव न पाहता जे देणे सोपे तेच देत राहण्याची ही चूक आम्ही दुसऱ्यांची पकडत आलो. आपल्याच टेबलावर ती ओळखावयास आम्हांस तीन खेपा लागल्या.

आमच्या पेटीतली आखूड फळी होती कार्बनची. वनस्पतीचा देह मुख्यतः कार्बनचा. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून सहज मिळतो. पाण्यात मात्र कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे पुष्कळ पेट्यांत उजेड व खत असूनही पाने उपाशी राहतात. याला एक उपाय नळकांड्यातून हा वायू सोडण्याचा. तो खर्चिक आहे, आणि वायू प्रमाणाबाहेर गेला तर मासे गुदमरतात. दुसरा उपाय आपल्या पाण्यातच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. भांड्यांवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. या पाण्यात बायकार्बोनेट असते. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट या वनस्पती त्यातूनही कार्बन काढून घेऊ शकतात. सगळ्यांना ही विद्या साधत नाही. तेव्हा आधी आपले पाणी ओळखावे आणि त्यात कोण नांदेल ते पाहून रोपे आणावीत. चौथ्या खेपेस आम्ही एवढेच केले.

उजेडाचे म्हणाल तर दिवसाला सहा ते आठ तास पुरेत. उद्योगधंद्यांत आठ तासांचा दिवस असावा, हे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ साली वॉशिंग्टन येथे मान्य केले. वनस्पतींनाही तो मानवतो असे आमच्या प्रत्ययास आले आहे. एल. ई. डी. दिव्याला वेळ लावून देणारे बटण जोडावे, म्हणजे विसर पडत नाही. खिडकीतले थेट ऊन पेटीवर येऊ देऊ नये. अंधारात वनस्पती प्राणवायू देत नाहीत. उलट आपल्यासारख्याच तो घेतात. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर रात्री हवेचा पंप चालू ठेवावा आणि कुजलेली पाने काढून टाकावीत.

खताविषयी पानेच बोलतात. वाचता आली पाहिजेत. जुनी, खालची पाने पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी आहे. वनस्पती तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. जुन्या पानांना बारीक छिद्रे पडली तर पोटॅशियमची शंका घ्यावी. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह कमी. लोह जुन्या पानांतून हलत नाही, म्हणून उणीव आधी नव्या पानांत दिसते. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस बरेचसे मिळतात. उणे पडते ते पोटॅशियम आणि लोह. पाणवनस्पतींसाठी मिळणारे खत बाटलीवरील मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे. शेतातला युरिया चुकूनही टाकू नये. त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरतात.

लागवडीतही आमच्या हातून अपराध घडले. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे जाड खोड आम्ही वाळूत पुरले, ते कुजले. ही रोपे दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावयाची असतात. व्हॅलिसनेरियाची मुळे वाळूत असावीत, पण जेथून पाने फुटतात तो गाभा वर राहिला पाहिजे. धुतलेल्या जाड वाळूचा दोन-अडीच इंच थर पुरतो. दुकानातली पुष्कळ रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पाने झडतात आणि पाण्याला साजेशी नवी येतात. नव्या कामगाराला हात बसावयास वेळ लागतो, तसेच हे. तीन-चार आठवडे धीर धरावा, रोज उपटून मुळे तपासू नयेत.

आता जो आक्षेप येणार, आणि आलाच पाहिजे, त्याकडे वळतो. आपल्या शहरास नळाचे पाणी कित्येक वर्षे काही दिवसांआड मिळत आले आहे. जेथे बायाबापड्या हंड्यांची रांग लावतात, तेथे माशांसाठी पाणी कशास? हा प्रश्न आमच्या कचेरीतही निघाला, आणि तो विचारणारी बाई बरोबर होती. आम्ही हिशेब केला. आमच्या पेटीत सुमारे चोपन्न लिटर पाणी मावते. आठवड्यास त्याचा चौथा हिस्सा बदलावा लागतो, म्हणजे जेमतेम एक बादली. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांना उत्तम खत ठरते. त्यावर कचेरीच्या दारातील तुळस आणि शेजारणीचा मोगरा पोसला जातो. जी बादली एरवी कुंड्यांना घातली असती, ती आधी पेटीतून जाते एवढेच. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना घातक. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की ते बहुतेक उडून जाते.

उन्हाळा मात्र परीक्षा पाहतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसातच. मराठवाड्याच्या वैशाखात पेटीचे पाणी तिशीपलीकडे सहज जाते. झाकण काढून जाळी घालावी, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा, माशांचे खाणे कमी करावे. पाणी उडते पण क्षार मागे राहतात. म्हणून उडालेल्याची भरपाई जड पाण्याने न करता साठविलेल्या पावसाच्या किंवा शुद्धीकरण यंत्रातल्या गोड पाण्याने करावी. त्या यंत्रातून वाया जाणारे पाणी अधिक क्षारयुक्त असते, ते नको.

एक विनंती आग्रहाने करावयाची आहे. पेटीतली वाढलेली रोपे छाटावीच लागतात. पण ती खाम नदीत, तलावात किंवा गटारात टाकू नका. वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा. जलपर्णी हीदेखील दक्षिण अमेरिकेतून फुलांच्या शोभेसाठी जगभर नेलेली वनस्पती. तिने आपल्या नद्यातलावांची काय दशा केली आहे ते आपण पाहतोच. तसेच रानातली दुर्मीळ रोपे हौसेखातर उपटून आणू नका. साताऱ्याकडच्या कासच्या पठारावर वायतुरा नावाची पाणवनस्पती उगवते. तिचे जगच मुळी सह्याद्रीतल्या थोड्या पठारांपुरते आहे.

कारखान्याच्या त्या कामगारांचे देणे पुढे तडजोडीने मिळाले. पूर्ण मिळाले नाही. तो पहारेकरी आता दुसरीकडे कामाला आहे. शनिवारी सुटी झाली की तो येतो, बाही वर सारून व्हॅलिसनेरियाची पिवळी पाने खुडतो आणि बादली तुळशीत रिकामी करतो. परवा त्याने आम्हांस दाखविले की आठ रोपांची आता चाळीसएक झाली आहेत. त्यांतली काही आज एका घमेल्यात घालून आम्ही येथे आणली आहेत. ज्यांच्या घरी पेटी असेल, त्यांनी जाताना दोन-दोन न्यावीत. आणि नेण्यापूर्वी आपल्या घरचे पाणी कसे आहे, एवढे मात्र आम्हांस सांगावे.