दुरुस्त झालेल्या चुकांचा हिशेब

साठवणुकीच्या क्लस्टरमध्ये तीन किंवा अधिक सर्व्हर आपापल्या डिस्क एकत्र करून एकच भांडार चालवतात आणि त्याच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनही धावत असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या खातेदाराचा या यंत्रणेशी थेट संबंध येत नाही, पण तिच्यातून निघालेला कागद त्याच्या हाती पडतो. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. परंडा असो की उमरगा, 15 रुपये भरले की उतारा निघतो. मूळ नोंद मात्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते आणि अशा ठिकाणी मजकूर सहसा दोन-तीन प्रतींत, वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. एक डिस्क गेली तर दुसरी प्रत आहे, म्हणून डिस्कची काळजी सगळेच घेतात. रॅमची आठवण होते ती सर्व्हर बसल्यावर.

वास्तविक डिस्कवर जाणारे प्रत्येक अक्षर आधी रॅममधून जाते. समजा, खातेदाराचे क्षेत्र 1.20 हेक्टर आहे आणि ते मजकूर म्हणून साठवले जात आहे. 2 आणि 3 या अंकांच्या संकेतांत, मग अंक इंग्रजी असोत की देवनागरी, एकाच बिटाचा फरक आहे. तो बिट रॅममध्ये उलटला की 1.20 चे 1.30 होते. पडताळणीची बेरीज, म्हणजे चेकसम, त्यानंतर काढली गेली तर ती चुकीच्या आकड्यावरच बेतलेली असते. मग तिन्ही प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि तिन्ही खोट्या असतात. फरक 10 आरचा, म्हणजे जवळपास 10 गुंठ्यांचा. बांधाच्या वादात पिढ्या खपतात तिथे हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

हे टाळण्यासाठी सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम वापरतात. मजकुराच्या दर 64 बिटांसोबत सहसा 8 बिट तपासणीसाठी ठेवले जातात. नेहमीच्या पद्धतीत एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन चुकले तर चूक कळते, पण सुधारता येत नाही आणि सहसा मशीन थांबवावे लागते. बिट उलटतात कसे, याचा एक उलगडा इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी 1979 साली मांडला. चिपच्या वेष्टनातच किरणोत्सारी द्रव्याचा अंश असतो आणि त्यातून सुटणारे अल्फा कण मेमरीतला विद्युतभार हलवतात. पुढे वेष्टने सुधारली, तरी चुका थांबल्या नाहीत.

त्या किती होतात याचा भरवशाचा आकडा 2009 साली पुढे आला. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गूगलमधल्या दोन सहकाऱ्यांसह कंपनीच्या सर्व्हरच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात रॅमच्या 100 पैकी सुमारे 8 पट्ट्यांत निदान एक दुरुस्त केलेली चूक आढळली. तोवरच्या समजापेक्षा हे प्रमाण फार मोठे होते. 6 सर्व्हर, प्रत्येकात 16 पट्ट्या, असा मध्यम क्लस्टर धरला तर 96 पट्ट्या होतात. त्या हिशेबाने वर्षाकाठी 8 पट्ट्या कुरकुर करणार. त्याच अभ्यासात असेही दिसले की, जी पट्टी एकदा चुकते ती त्याच महिन्यात पुन्हा चुकण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, आणि सुधारता न येणाऱ्या चुकीच्या आधी बहुतेक वेळा सुधारलेल्या चुका नोंदलेल्या असतात. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाला. मे महिन्यात धाराशिवचा पारा चाळिशीपार गेला की सगळा दोष एसीवर टाकायची सोय होते. रॅमच्या बाबतीत ती फारशी टिकत नाही.

म्हणून देखरेखीचे पहिले काम म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका मोजणे. लिनक्सवर ईडॅक नावाची व्यवस्था प्रत्येक पट्टीमागे दोन आकडे ठेवते: सुधारलेल्या चुका आणि न सुधारलेल्या. लॉगमध्ये येणारी ओळ अगदी साधी असते: कोणता मेमरी कंट्रोलर, कोणती वाहिनी, कोणता स्लॉट आणि '1 सीई', म्हणजे एक सुधारलेली चूक. काही बंद पडलेले नसते, कोणाची तक्रार नसते, डॅशबोर्ड हिरवागार असतो. मराठवाड्यातली कितीतरी मुले पुण्यात हिंजवडी-खराडीला अशा रात्रपाळ्या करतात. पहाटे 3 वाजता ही ओळ वाचून स्लॉटचा क्रमांक लिहून ठेवणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, कारण त्याने टाळलेला बिघाड कोणाला दिसतच नाही. पुढच्या आठवड्यात त्याच स्लॉटवर 1 चे 40 झाले, तर जुन्या नोंदीमुळेच ते कळते.

मग त्या सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवतात, सर्व्हर देखभालीत टाकून बंद करतात आणि पट्टी बदलतात. मनगटाला स्थिर विजेचा पट्टा बांधून स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या खाली दाबल्या की जुनी पट्टी वर येते. नवी बसताना खिट्ट्या टक् करून आपोआप मिटतात. एका बाजूची मिटली नाही तर पट्टी बसलेली नाही.

रॅम निरोगी असूनही अपुरी पडते, तेव्हा देखरेखीची दुसरी बाजू सुरू होते. इथे सर्वांत फसवा आकडा म्हणजे 'मेमरी वापर 92 टक्के'. लिनक्स रिकामी रॅम वाया घालवत नाही. वाचलेल्या फायली तीत ठेवून देते आणि गरज पडली की सोडते. त्यामुळे 92 टक्क्यांवर सर्व्हर मजेत असू शकतो आणि 75 वर गुदमरलेला असू शकतो. खरी लक्षणे वेगळी आहेत: स्वॅपची, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर नेण्या-आणण्याची, ये-जा, रॅमसाठी ताटकळण्यात गेलेला वेळ (लिनक्सच्या 4.20 आवृत्तीपासून तो थेट मोजता येतो) आणि पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल, मशीनमधला फुगा. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअरमध्ये असताना 2002 च्या निबंधात मांडलेली फुग्याची युक्ती अशी: पाहुण्या मशीनच्या आत एक ड्रायव्हर फुगतो, तिथली रॅम अडवतो आणि ती यजमान सर्व्हरला परत मिळते. फुगा अधूनमधून फुगला तर हरकत नाही. दिवसभर फुगलेलाच राहिला, तर ऐपतीपेक्षा जास्त मशीन चढवली आहेत.

साठवणुकीच्या क्लस्टरमध्ये ही ओढाताण जास्त धोक्याची असते. सेफ (Ceph) या साठवणूक प्रणालीत प्रत्येक डिस्कमागे चालणाऱ्या प्रक्रियेचे मूळ लक्ष्य 4 जीबी रॅमचे असते. सर्व्हरला 12 डिस्क असल्या तर 48 जीबी तिथेच गेले, व्हर्च्युअल मशीन त्यानंतर. शिवाय 4 जीबी हे लक्ष्य आहे, मर्यादा नव्हे. एखादा सर्व्हर पडला की उरलेले सर्व्हर हरवलेल्या प्रती नव्याने बांधायला घेतात आणि नेमकी तेव्हाच रॅमची भूक वाढते. रॅम संपली की लिनक्स सहसा सर्वांत जाड प्रक्रियेचा बळी घेते, आणि ती बऱ्याचदा साठवणुकीची प्रक्रिया किंवा चालू मशीनच असते. त्यातून बांधणीचे काम आणखी वाढते. 3 सर्व्हर 80 टक्के भरलेले असतील, तर एक गेल्यावर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी 120 टक्के येतात. ऐपत मोजायची ती एक सर्व्हर मेलेल्या दिवसाची. खरेदीच्या कागदांत बहुधा सगळे धडधाकट असल्याचे गृहीत धरलेले असते.

जिथे ईसीसी रॅम नसलेल्या साध्या डेस्कटॉपलाच सर्व्हर म्हणून बसवतात, तिथे 100 मागे 8 हा आकडा 0 दिसतो. चुका होत नाहीत असे नाही. मोजणारी व्यवस्थाच नसते. पतसंस्था, कॉलेज किंवा कार्यालयाने सर्व्हर घेताना दरपत्रकात ईसीसी रॅमचा स्पष्ट उल्लेख मागावा आणि देखभालीच्या करारात दरमहा स्लॉटवार चुकांची नोंद लिहून घ्यावी. डीडीआर 5 च्या साध्या पट्टीतही ईसीसी असते, असे सांगून कोणी विकू पाहील. ते ईसीसी चिपच्या आतपुरते असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ते पकडत नाही.