शरदातील एक दिवस : ज्येष्ठांसह डोंगरमाथ्यावरील तलावांकडे

पावसाळा ओसरला की पनवेलच्या पूर्वेकडील डोंगर एकाएकी जवळ आल्यासारखे वाटतात. प्रबळगड, त्यामागील माथेरानचे कडे, दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका हे सारे धुऊन काढल्याप्रमाणे स्वच्छ दिसू लागते. आश्विन-कार्तिकातील हे दिवस सहलींचे असतात. परंतु घरोघरी सहलीचा बेत ठरत असताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाबा, तुम्हांला झेपायचे नाही, तुम्ही घरीच आराम करा.’ हे वाक्य प्रेमापोटी येते, यात शंका नाही. तरीही ते वारंवार ऐकणाऱ्या ज्येष्ठांचे घराबाहेरचे जग हळूहळू दवाखाना, बँक आणि देऊळ एवढेच उरते.

वाचकहो, आपण स्वतः ज्येष्ठ असाल किंवा घरातील ज्येष्ठांची काळजी घेत असाल, तर या लेखातून मला एवढेच सुचवायचे आहे की, सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या बहुतेक माणसांना डोंगरावरील तलावाकाठी एक दिवस घालवता येतो. मात्र सहलीचा आराखडा त्यांच्या चालीने आखला पाहिजे. तरुणांच्या सहलीत ज्येष्ठांना कसेबसे बसवले की दोघांचाही दिवस वाया जातो.

शरदच का?

भर पावसात हीच ठिकाणे मोहक दिसतात आणि तेवढीच धोकादायक असतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ही घटना आपल्या स्मरणात असेल. शरदात तलाव काठोकाठ भरलेले असतात, पण धबधब्यांचा जोर ओसरलेला असतो, रस्ते कोरडे असतात आणि घाटातील दाट धुके विरळ झालेले असते.

या ऋतूची एक दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ऑक्टोबरमधील दुपारचे ऊन कडक असते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे अंगातील पाणी कमी झाले तरी ज्येष्ठांना ते कळत नाही. म्हणून सकाळी लवकर निघावे, अकरा ते तीन सावलीत काढावेत आणि उजेड असतानाच घरी परतावे. मोतीबिंदू असलेल्यांना संधिप्रकाशात पायऱ्यांचा अंदाज येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळही सायंकाळी वाढतो.

तलाव निवडताना

पनवेलकरांना तलाव नवे नाहीत. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळी आपल्या शहराच्या ओळखीचाच भाग आहेत. डोंगरातील तलाव निवडताना मात्र ‘कोणता सर्वांत सुंदर’ यापेक्षा ‘घरातील ज्येष्ठ सलग किती वेळ बसू शकतात आणि किती पावले चालू शकतात’ हा प्रश्न आधी विचारावा. त्यानुसार तीन पर्याय सुचवितो.

पहिला, गाढेश्वर. माथेरानच्या पायथ्याशी असलेले हे देहरंग धरण पनवेल शहराला पाणी पुरविते. ज्यांना तासाभरापेक्षा अधिक बसवत नाही, नुकतेच आजारपण झाले आहे किंवा ज्यांची ही अनेक वर्षांनंतरची पहिलीच सहल आहे, त्यांनी येथून सुरुवात करावी. गाडी सावलीत उभी करावी, खुर्ची मांडावी, घरचा डबा खावा आणि दुपारच्या झोपेआधी घरी परतावे.

दुसरा, लोणावळ्याचे तलाव. पनवेलपासून द्रुतगती मार्गाने पन्नासएक किलोमीटरवर वळवण आहे. खोपोली येथे १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रासाठी वळवण, शिरवता आणि लोणावळा हे तलाव बांधले गेले. वरच्या तलावांतील पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, वीज निर्माण करते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. ज्या नदीचे पाणी आपल्या परिसरातील वस्त्यांना व कारखान्यांना मिळते, तिला हा आधार आहे. नातवंडांना ही गोष्ट आजोबांनी तलावाकाठीच सांगावी. तेथून पुढे पवना जलाशयाकडे गेल्यास लोहगड, तुंग आणि तिकोना हे किल्ले पाण्याभोवती उभे दिसतात, आणि हे दृश्य गाडीत बसूनही पाहता येते. भुशीच्या ओल्या पायऱ्या मात्र ज्येष्ठांनी टाळाव्यात.

तिसरा, माथेरानचे शार्लोट लेक. हे फक्त चालू शकणाऱ्यांसाठी. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून पुढे जावे लागते. अमन लॉजपासून छोटी रेल्वे आहे, अलीकडे ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत. त्यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. तलावाशेजारी पिसरनाथाचे मंदिर व दाट झाडी असल्याने दुपारीही सावली मिळते. लाल मातीच्या वाटेवर सुटे दगड असतात, म्हणून काठी आणि पकड असलेले बूट हवेतच. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी घोड्यावर बसू नये. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये, माकडे झडप घालतात आणि त्या धांदलीत तोल जातो.

‘डोंगरावर दम लागेल का?’

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, तर माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब पनवेलपेक्षा सात ते नऊ टक्क्यांनी कमी असतो. आजार स्थिर असलेल्या हृदयरुग्णाला किंवा दमेकऱ्याला एवढ्या फरकाचा सहसा त्रास होत नाही. हिमालयातील उंचीशी याची तुलना करू नये. डोंगरावर दम लागतो तो बहुधा चढामुळे. ज्यांना घरी प्राणवायू लावावा लागतो किंवा घरात चालतानाही दम लागतो, त्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज जाऊ नये.

बोरघाट चढताना कानांत दडे बसतात. लवंग किंवा वेलदोडा चघळला, वारंवार आवंढा गिळला की ते सुटतात. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसून दूरवर पाहावे, पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. उलटीच्या काही गोळ्यांनी वृद्धांमध्ये झापड येते, गोंधळ होतो आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. शेजाऱ्याने दिलेली गोळी म्हणूनच घेऊ नये.

न बोललेली अडचण

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख प्रामुख्याने लिहीत आहे, तिच्याकडे वळतो.

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना रात्री दहाच्या सुमारास माझ्याकडे आणण्यात आले. दिवसभर कुटुंबासह सहल झाली होती. घरी येऊन आडवे होताच त्यांना धाप लागली, उठून बसल्यावरच थोडे बरे वाटे. हृदय अशक्त असल्यामुळे त्यांना लघवीची गोळी रोज सकाळी चालू होती. त्या दिवशी त्यांनी ती घेतली नव्हती आणि घरात कोणालाही तसे सांगितले नव्हते. त्यात दुपारच्या जेवणातील लोणचे, पापड आणि वडे यांच्या मिठाची भर पडली. फुप्फुसांत पाणी साचले होते. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले. दोन-तीन दिवसांत ते सावरले. नंतर मी एकांतात कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून ते म्हणाले, ‘डॉक्टर, गाडीत सून होती, नाती होत्या. दर अर्ध्या तासाने गाडी थांबवा असे कोणत्या तोंडाने सांगू?’

आजोबांनी गोळी टाळली ती संकोचामुळे. याच संकोचामुळे कित्येक आजी आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात, मग दुपारी चक्कर येऊन पडतात किंवा आठवड्याभरात लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडतात. ‘मला कुठे जायची हौसच राहिली नाही’ या वाक्यामागेही अनेकदा हीच भीती दडलेली असते.

यावर उपाय आहेत. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, पण तिची वेळ पुढेमागे करता येते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो व सहाएक तास टिकतो, त्यात सुरुवातीचे दोन-तीन तास जोराचे असतात. हे ध्यानात घेऊन पहाटे लवकर किंवा परतल्यावर गोळी घेण्याची सोय बहुतेक रुग्णांना करून देता येते. थांबे आधीच ठरवावेत आणि ते सर्वांसाठीच आहेत असे जाहीर करावे. ‘आता सगळेच उतरू या’ असे सुनेने किंवा मुलाने म्हटले की कोणालाही विनंती करावी लागत नाही. घाट चढण्यापूर्वीच्या फूड मॉलवर एक थांबा घ्यावाच. जेवणाचे हॉटेल निवडताना तळमजल्यावर कमोड आहे का, हे फोन करून विचारावे. गाडीत युरिन पॉट आणि आडोशासाठी एक चादर ठेवावी. प्रौढांचे डायपर वापरण्यात कमीपणा मानू नये, चष्मा किंवा काठी यांसारखेच तेही एक साधन आहे.

औषधे आणि जेवण

रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या सहलीच्या दिवशीही ठरल्याप्रमाणे घ्याव्यात. सर्व औषधे दोन दिवसांची, मूळ पाकिटांसह आणि औषधांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत. ती डिकीत टाकू नयेत.

मधुमेहींना खरा धोका असतो तो लांबलेल्या जेवणाचा. घाटात वाहने अडकली की बाराचे जेवण दोनला होते. म्हणून जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे, ‘पोहोचूच आता’ या भरवशावर आधी टोचू नये. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. साखर उतरली की तरुणांना घाम व कंप सुटतो. वृद्धांमध्ये मात्र कधी कधी केवळ चिडचिड, असंबद्ध बोलणे किंवा एकदम गप्प होणे एवढेच दिसते. अशा वेळी शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाणी घोट-घोट, दर अर्ध्या तासाने प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे बंधन आहे, त्यांनी आपले मोजमाप पाळावे. लोणावळ्याची चिक्की घरी जरूर आणावी, पण कवळी असलेल्यांनी ती फोडून, बारीक करूनच खावी. मधुमेहींनी तिचा तुकडा जेवणानंतर, मोजकाच घ्यावा.

तलावाकाठी

गाडीतून उतरताना घाई नको. आधी पाय बाहेर काढून मिनिटभर बसावे, घोटे वर-खाली हलवावेत आणि मग आधार घेऊन उभे राहावे. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो व तोल जातो.

पाण्याच्या कडेला शेवाळ असते, म्हणून दहा पावले मागेच खुर्ची मांडावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालू नये, जखमेचे पाय पाण्यात बुडवू नयेत. पावसानंतरच्या उंच गवतात बारीक कीटक असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफससारखा ताप येऊ शकतो. गवतावर बसणे टाळावे आणि अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आल्यास किंवा अंगावर काळसर खपली दिसल्यास ‘आम्ही डोंगरात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गर्दीच्या ठिकाणी नेऊ नये. नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढून ठेवावे. हरवल्यास शोधताना त्याचा फार उपयोग होतो.

काळजीवाहकांसाठी दोन शब्द

वर्षभर सेवा करणारी सून, मुलगी, पत्नी किंवा ताई सहलीतही डबा, औषधे आणि खुर्ची सांभाळत राहिली, तर तिच्यासाठी ती सहल ठरत नाही. औषधे एकाने, थांबे दुसऱ्याने आणि हात धरण्याचे काम तिसऱ्याने, अशी वाटणी आधीच करावी. ज्या व्यक्तीवर रोजचा भार आहे, तिला तलावाकाठी एक तास पूर्ण मोकळा द्यावा.

कधी जाऊ नये?

ताप असताना, गेल्या काही दिवसांत छातीत दुखले, नवी धाप किंवा चक्कर सुरू झाली असल्यास, पायांवरील सूज वाढली असल्यास, नुकतीच औषधे बदलली असून शरीर स्थिरावले नसल्यास बेत पुढे ढकलावा. शनिवार-रविवारऐवजी मधला वार निवडला तर घाटातील कोंडी टळते. ज्येष्ठांनी स्वतःहून ‘मला यायचे नाही’ म्हटले तर कारण प्रेमाने विचारावे, पण आग्रहाने ओढून नेऊ नये.

परतल्यावर त्या रात्री साधे, कमी मिठाचे जेवण द्यावे. तळपाय उजेडात तपासावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयरुग्णांचे वजन करावे, एकदम एक-दोन किलोंनी वाढले असल्यास डॉक्टरांना कळवावे. चहा घेताना कोठे दमायला झाले, कोणता थांबा सोयीचा होता हे त्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. कार्तिक संपेपर्यंत हवा चांगली असते, तेव्हा पहिली सहल गाढेश्वरची झाली असेल, तर त्याच वहीच्या आधाराने दुसरी वळवणची ठरवता येईल.