शीतपेटीवर दुरून पहारा

दिनांक १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास ठाणे, मुंबई व नवी मुंबई येथील वीज एकाएकी गेली. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या उच्चदाब वाहिन्यांतील बिघाड हे त्याचे कारण होते. लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. काही भागांत दोन-तीन तासांत वीज परत आली. काही ठिकाणी सायंकाळ झाली. या घटनेची चर्चा गाड्या व रुग्णालये यांच्या संबंधाने पुष्कळ झाली. परंतु पनीर, दही, इडलीचे पीठ यांसारखे नाशवंत पदार्थ शीतपेटीत ठेवून विकणाऱ्या लहान उद्योजकाने त्या दिवसापासून जो बोध घ्यावयास हवा, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही असे वाटते.

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ या तालुक्यांतील शेतकऱ्यास ठाणे व कल्याण-डोंबिवली ही अगदी हाताशी असलेली बाजारपेठ होय. मुरबाडहून कल्याण सुमारे तीस किलोमीटर. दूध तसेच न विकता त्याचे पनीर किंवा श्रीखंड करून विकल्यास चार पैसे अधिक मिळतात, आणि डोंबिवलीतील पोळीभाजी केंद्रांना असा माल नित्य लागतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत कर्जाशी निगडित ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली, तेव्हा बचत गटांनाही या धंद्याची वाट दिसली. यंत्रसामग्री येते, शीतपेटी येते. परंतु रात्री दोन वाजता त्या पेटीत काय चालले आहे हे मात्र कोणास ठाऊक नसते.

धारोष्ण दुधाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते व ते त्वरेने ४ अंशांपर्यंत उतरवावे लागते. ५ ते ६० अंश हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. बंद ठेवलेला साधा रेफ्रिजरेटर वीज गेल्यावर सुमारे चार तास गारवा टिकवितो. पूर्ण भरलेला डीप फ्रीजर न उघडल्यास सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो.

खरी अडचण पुढेच आहे. वीज गेली आणि पुन्हा आली, तर सकाळी पेटी उघडणाऱ्याच्या हातास ती गारच लागते. माल मध्यंतरी पाच तास तापला होता की वीसच मिनिटे, हे वासावरून वा चवीवरून खात्रीने सांगता येत नाही. मग एक तर चांगला माल उकिरड्यावर जातो, नाही तर वाईट माल एखाद्या मुलाच्या डब्यात जातो.

यावर उपाय म्हणून तापमानाची नोंद करणारी लहान उपकरणे आता मिळतात. त्यांतील सेन्सर ठराविक मिनिटांनी तापमान मोजतो, वाय-फाय अथवा सिमकार्डाच्या द्वारे ते दूरच्या संगणकाकडे पाठवितो, आणि मर्यादा ओलांडली की मालकाच्या मोबाइलवर इशारा येतो. वर्णन ऐकून मन सुखावते. परंतु १२ ऑक्टोबरसारख्या दिवशी काय होईल? वीज जाताच वाय-फायचा राऊटरही बंद पडतो. सेन्सर आपल्या बॅटरीवर इमानाने मोजीत राहतो, पण निरोप पोहोचविणारा जासूद झोपलेला असतो. ज्या घटकेला पहारा हवा त्याच घटकेला पहारेकरी मुका!

यास्तव उपकरण घेताना तीन गोष्टी विक्रेत्यास विचाराव्यात. संपर्क तुटला असता ते आपल्या नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठविते काय? राऊटर लहान बॅटरीवर चालविण्याची सोय आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उपकरणाकडून निरोप येणे थांबल्यास दूरचा संगणक तेवढ्यावरूनच इशारा देतो काय? ही तिसरी सोय नसेल तर मोबाइलवरील शांतता म्हणजे सर्व कुशल आहे, असा गैरसमज होतो.

सेन्सर कोठे लावावा यातही पुष्कळ चुका आढळतात. दाराजवळ लावल्यास दार उघडताच पारा चढतो, दिवसातून दहा वेळा खोटा इशारा येतो, आणि चौथ्या दिवशी मालक मोबाइलचा आवाज बंद करून टाकतो. म्हणून सेन्सरचे टोक पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत बुडवून ती मालाच्या मधोमध ठेवावी. मग हवेचे नव्हे, मालाचे तापमान कळते. डीप फ्रीजरमध्ये पाणी गोठेल, तेथे ग्लिसरीन वापरावे. निरोप पाठविणारा भाग पेटीबाहेर असावा, कारण पत्र्यातून लहरी नीट पार होत नाहीत. नवीन उपकरणासोबत आलेला सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

उपकरणावर आंधळा विश्वास नको. कुटलेला बर्फ व थोडे पाणी पेल्यात घालून त्यात टोक पाच मिनिटे ठेवावे. शून्य अंश दाखविले पाहिजे. ज्यांना आज खर्च झेपत नाही त्यांनी डीप फ्रीजरमध्ये पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणे ठेवावे. नाणे खाली गेलेले आढळले तर बर्फ मध्यंतरी वितळला होता हे निश्चित. केव्हा व किती वेळ, हे मात्र नाणे सांगत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडील हवेची आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा तांदूळ, पापड व मसाले यांच्या कोठारात आर्द्रतामापकही हवा. त्याची परीक्षा मिठाने होते: ओलसर मिठाची वाटी व मापक घट्ट झाकणाच्या डब्यात काही तास ठेवल्यास आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यावा.

इशारा आल्यावर कोणी उठावयाचे, हे आधी ठरवून दाराजवळ लिहून लावावे. पहिले नाव शीतपेटीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्याचे असावे. मालक ठाण्यास आणि पेटी मुरबाडास असेल तर मालकाचे नाव दुसरे. जनित्र कोठून आणावयाचे, बर्फाच्या लाद्या रात्री कोण देतो, हेही त्याच कागदावर असावे.