चिपाडाची गाडी आणि गुणपत्रिका

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकवर्गाच्या तक्रारीला ठरावीक सूर लागतो. हल्लीची मुले हाताने काही करीत नाहीत, मोबाईलपलीकडे त्यांना जगच उरलेले नाही. तक्रार खोटी नाही; परंतु तिच्यात सगळा दोष मुलांच्या माथी मारलेला असतो. मुलाने हाताने काही करावयाचे तर त्या हाताला काही सामान लागते आणि करीत बसण्याला वेळ लागतो. नांदेड-लातूरच्या टापूत या दोन्ही गोष्टी मुलांच्या हातून कशा निसटल्या हे पाहू गेल्यास मोबाईल या कथेत फार उशिरा आला, असे आढळून येईल.

चिपाडाच्या गाडीचेच घ्या. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल दाताने सोलून काढावयाची, आतल्या पांढऱ्या, हलक्या भेंडाचे तुकडे करून त्यांची चाके आणि जू करावयाचे, आणि सोललेल्या सालीच्याच काड्या खुपसून सारे एकमेकांत अडकवावयाचे. खिळा नको, डिंक नको, पैसा तर नकोच. ती साल बोट कापीत असे, आणि किती जोर लावला म्हणजे काडी आत जाते पण भेंड फुटत नाही, हे ज्याचे त्यालाच शिकावे लागे. याच ऐवजातून चष्मा होई, तराजू होई, नांगर होई. खरीप ज्वारीची काढणी दिवाळीच्या आगेमागे येई; त्यामुळे सुट्टी आणि सामान एकाच वेळी हाती पडे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लातूर जिल्ह्यातील खरिपाचे बहुतांश रान सोयाबीनने व्यापले. नांदेड जिल्ह्यातही त्याने मोठा वाटा घेतला. त्याची कारणे उघड आहेत. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे, रोख पैसा देणारे, पाखरांपासून राखावे न लागणारे असे हे पीक. आणि लातूरसारखी बाजारपेठ दाराशी. ज्वारीने शेतकऱ्याचे पोट भरले, पण त्याचे कर्ज फेडले नाही. तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र सोयाबीनच्या भुसकटातून गाडी होत नाही. ज्वारी हटल्याने कडब्याची टंचाई झाली, हे सर्वांच्या ध्यानात आले. मुलांचे खेळणे गेले, याचा हिशेब ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

पोळ्याच्या मातीच्या बैलांची कथा थोडी निराळी आहे. माती अजून आहे, बैल मात्र ट्रॅक्टरपुढे मागे पडत चालला आहे. कंधारकडची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही जनावरे या भूमीची आहेत. देवणीत शेवरा, वानेरा आणि बालंक्या असे तीन प्रकार. अंगावर काळे ठिपके विखुरलेला तो शेवरा. अंग पांढरे आणि तोंडावर काळा रंग तो वानेरा. वरून पांढरा आणि पोटाच्या बाजूस ठिपके तो बालंक्या. वर्गात मातीच्या बैलांची स्पर्धा लागली की गुराख्याच्या मुलाचा बैल पाहताक्षणीच ओळखू येई, कारण त्याचे वशिंड जागच्या जागी असे. सावकाराच्या किंवा मास्तरांच्या मुलाचा बैल पुष्कळदा कुत्र्यासारखा दिसे. ही थट्टेची गोष्ट नव्हे. तिच्यात शाळेचे एक मोठे तत्त्व होते.

कारण वर्गातल्या दुसऱ्या स्पर्धांत हाच गुराख्याचा मुलगा हटकून हरत असे. पाढ्यांच्या, कवितांच्या भेंड्यांच्या, शुद्धलेखनाच्या आणि वक्तृत्वाच्या त्या स्पर्धा. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांसारख्या व्यासंगी वक्त्याने शाळेत शिक्षकी केली, तेथे भाषणाला मोल असावे हे साहजिकच. परंतु या स्पर्धांविषयी गहिवरून बोलताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात उर्दू. त्या मुलाला भेंड्यांत शब्द सुचेपर्यंत डाव पुढे गेलेला असे. पावकी-निमकी घरी म्हणवून घेणारे वडीलधारे ज्याला लाभले, तोच वर्गात पहिला येई. (१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांचा व्यवहारातील आधारच हळूहळू गेला, तरी कित्येक गुरुजी ते हट्टाने घेत राहिले.) तेव्हा जुनी शाळा न्यायी होती असे नव्हे. पण तिच्यात जिंकण्याच्या वाटा एकाहून अधिक होत्या. शनिवारी जिभेने हरलेला पोळ्याला हाताने जिंकू शके.

आज एकच वाट उरली आहे, आणि ती रुंद व फरसबंद आहे. लातूर जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सतत चाचण्या आणि विद्यार्थ्यांवर वैयक्तिक लक्ष यांची जी शिस्त घातली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे बुजणारा खेड्यातील विद्यार्थी तिच्यामुळे डॉक्टर-इंजिनियर झाला, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अकरावी-बारावीसाठी जन्मलेली ही शिस्त खाजगी शिकवण्यांच्या हाती पडून सहावी-सातवीपर्यंत उतरली, आणि लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर ‘फाउंडेशन’चे फलक लागले. सुट्टी ही आता सुट्टी नसून ‘व्हेकेशन बॅच’ असते. पूर्वीचा प्रतिस्पर्धी शेजारच्या बाकावर बसे आणि संध्याकाळी बरोबर खेळे. १८० प्रश्नांच्या ‘नीट’मधील प्रतिस्पर्ध्याला चेहराच नाही.

शासनाचे म्हणाल, तर शासनाने हस्तकलेची उपेक्षा केली असे मुळीच नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचविला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले. धोरणे चांगलीच आहेत. पण प्रत्येक वेळी हाताच्या कामाला गुणपत्रिकेत रकाना मिळाला, आणि रकाना आला की तो भरणारे दुकान आले. आज बाजारात तयार प्रकल्प मिळतो. ज्वालामुखी, पवनचक्की, जे हवे ते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीला शालान्त परीक्षेत जास्तीत जास्त ७ गुण मिळू लागले, तेव्हा चित्राची गोडी वाढली की गुणांची, हे कलाशिक्षकांना खाजगीत विचारावे.

माझी सूचना साधी आहे. पोषण आहारासाठी अनेक शाळांनी परसबागा केल्या आहेत. तेथे मेथी-कोथिंबिरीच्या शेजारी जूनमध्ये दोन ओळी ज्वारी पेरावी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती कापून प्रत्येक मुलाच्या हाती चार धाटे द्यावीत. गाडी करून आणा असे सांगू नये, आणली तर गुण देऊ नयेत, आणि पालकांच्या गटावर छायाचित्र तर मुळीच टाकू नये. ज्यांना गाडी येत नाही, त्यांनी घरच्या आजोबांना विचारावे. कणसे पाखरांनी नेली तरी हरकत नाही, धाटे उरतील.