कडाक्याची थंडी आणि मोटारीतील ऊब

ग्वाल्हेरीस पौषातल्या पहाटे मोटार सुरू होताना कुरकुर करते. कॅनडातील विनिपेग शहरी जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरतो, तेव्हा रात्रभर उघड्यावर राहिलेली मोटार कुरकुरही करीत नाही. एंजिनातील तेल काकवीसारखे दाट झालेले असते व बॅटरीचे बळ निम्म्याहून कमी उरलेले असते. जोर अधिक हवा, नेमका त्याच वेळी जोर देणाराच दुबळा!

यावर तेथील लोकांचा उपाय साधा आहे. एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात विजेचा एक लहानसा तापक बसवितात आणि त्याची वायर गाडीच्या तोंडाशी लोंबती ठेवतात. गाड्या उभ्या करण्याच्या जागी खांबावर विजेची जोडणी असतेच. रात्रभर वीज जाळण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन तास पुरतात.

हे पाणीही नुसते नसते. नुसते पाणी गोठून फुगते व एंजिनाचे ओतीव लोखंड तडकविते. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. नवल असे की, पाणी शून्यावर गोठते, शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या सुमारास. परंतु दोहोंचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे 35 अंशांतही वाहते राहते. डिझेलची तऱ्हा निराळी. त्यातील मेण थंडीने थिजून गाळणी तुंबते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 साली निराळे हिवाळी डिझेल काढले, ते याचकरिता.

आता आत बसणाऱ्यांची ऊब. पेट्रोलच्या गाडीत तिच्यासाठी वेगळी चूल नसते. इंधनाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी काही भाग एंजिनाभोवतीचे पाणी घेते. तेच पाणी एका लहान जाळीतून फिरते आणि पंखा तिच्यावरून हवा आत लोटतो. म्हणूनच गाडी सुरू होताच पंखा जोराने सोडला, तर गार वाराच अंगावर येतो. उभ्या गाडीत घरघर करीत वाट पाहण्यापेक्षा मिनिटभराने ती सावकाश हाकावी. ओझ्याखाली एंजिन लवकर तापते. विजेच्या मोटारीत ही फुकटची ऊब नाही. ती बॅटरीतूनच घ्यावी लागते व तेवढी मजल घटते.

हिवाळ्यात मनाली-गुलमर्गकडे जाणाऱ्या श्रोत्यांनी मात्र या उबेचे दुसरे रूप अवश्य जाणून घ्यावे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमात अडकलेल्या मोटारींतून वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतल्याचे सांगण्यात आले. बर्फ साचून धूर सोडणारी नळी बुजली, की हा वायू गाडीच्या फटींतून आत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावितो. डोके दुखते, ग्लानी येते आणि माणसाला तो प्रवासाचा शीण वाटतो.

तेव्हा गाडी हिमात अडकल्यास आधी खाली उतरून नळीभोवतालचे बर्फ उकरावे, मगच एंजिन चालवावे. तेही तासातून दहा मिनिटे. वाऱ्याच्या आडोशाकडील काच बोटभर उघडी असावी. एंजिन चालू ठेवून कोणीही झोपू नये. उरलेला वेळ घोंगड्यांवर काढावा, आणि पुन्हा एंजिन सुरू करण्यापूर्वी ती नळी पुन्हा पाहावी. हिम पडतच असते.